कुणाला सांगायचं नाही

"मनाझिल करून टाक तिला," आत्या म्हणाली, आणि माझ्या हातातली कोरणी कोशाच्या बुडातून आरपार गेली. तिने तो शब्द असा उच्चारला, जसं कुणी उरलेल्या भाजीबद्दल म्हणावं, फ्रीजमध्ये ठेवून टाक. कोसा म्हणजे दुधीचा बोटभर लांबीचा धाकटा भाऊ. त्याच्या पोटात कोरणी घालून, गोल गोल फिरवून सगळा गर काढायचा, साल पातळ झाली पाहिजे आणि बुडाला भोक पडता कामा नये. भोक पडलं की शिजताना आतला भात बाहेर सांडतो आणि महशीचं, म्हणजे या भात भरलेल्या भाज्यांचं, सगळं पातेलं खिचडी होऊन बसतं. आत्या खालच्या मजल्यावर राहते आणि अख्ख्या गल्लीला महशी भरून देते. लग्न असो की मयत, पातेलं तिचंच. त्यामुळे तिच्या घमेल्यातल्या कोशाला भोक पडणं ही साधी गोष्ट नाही. तिने माझ्या हातातून कोसा घेतला, डोळ्याला लावला आणि दुर्बिणीतून बघावं तसं त्याच्यातून माझ्याकडे बघितलं. आत्याचे डोळे निळे आहेत. आमच्या सगळ्या घराण्यात तिचे एकटीचेच. "बघ, इनास," ती आईला म्हणाली, "तुझी लेक इथून स्पष्ट दिसते." आई हसली. मीही हसले, कारण खरंच विनोदी होतं ते.

मनाझिल म्हणजे नाव शाळेत आणि मुलगी घरात. सरकारच तशी सोय देतं: परीक्षेपुरतं जायचं, बाकी वर्षभर घरी. आजारी मुलांसाठी असते, शिक्षा झालेल्यांसाठी असते, जिच्या लग्नाची बोलणी चाललीयेत तिच्यासाठी असते. आमच्या वर्गातली एक मुलगी मनाझिल झाली तेव्हा तिच्या बाकावर आम्ही दप्तरं ठेवायला लागलो, आणि महिन्याभरात ती कुठे बसायची यावरून आमचं भांडण झालं, कारण कुणालाच आठवेना. मी सगळ्यात मोठ्याने म्हणाले होते, ती होती तरी का? फार हसल्या सगळ्या. शाळा उघडायला आता आठवडा उरलाय, यंदा माध्यमिकचं तिसरं वर्ष, म्हणजे मोठ्या सर्टिफिकेटची परीक्षा, आणि बाबा कुवेतहून फोन करणार आहेत दुपारची नमाज झाली की. आज ठरणार. हे मला कुणी सांगितलं नाही, पण आई सकाळपासून माझ्याशी इतकं गोड बोलतेय, की मला कळलंच.

मी दुसरा कोसा घेतला. एकावेळी एकच गोष्ट, डॉक्टरीणबाईंनी सांगितलंय, हातात जे आहे तेवढंच जग. पण जग काय असं ऐकतं? खिडकीतून समुद्राचा ओलसर वारा येत होता, त्यात पेरूंचा वास होता, खाली पेरूवाला ओरडत होता, समोरच्या बाल्कनीतून बाईने दोरीला बांधलेली टोपली सोडली ती मधेच कुणाच्या तरी अँटेनात अडकली, ती शिव्या द्यायला लागली, पेरूवाला तिला शिव्या द्यायला लागला, आणि हे सगळं माझ्या डोक्यात एकाच वेळी, एकाच आवाजात, कुणीच मागे नाही, कुणीच पुढे नाही. माझ्या डोक्यात रांग नावाची गोष्ट नाहीच. एडीएचडी हे नाव गेल्या वर्षी मिळालं. त्याआधी मी नुसतीच वाईट मुलगी होते. शाळेत मला टुकटुक म्हणायचे, त्या तीनचाकी रिक्षांवरून, ज्या उलट्या दिशेने येतात, हॉर्न थांबवत नाहीत आणि वळताना हात दाखवत नाहीत. नाव अगदी बरोबर होतं. पाचवीत असताना गणिताच्या बाईंनी मला माझ्याच गणवेशाच्या पट्ट्याने खुर्चीला बांधलं आणि खुर्ची फळ्याशेजारी ठेवली, म्हणजे गणिताबरोबर सगळ्यांना मीही दिसेन. मला आठवतं ते एवढंच, की पट्ट्याचं बक्कल गार होतं आणि मला मुतायला आलं होतं, आणि पुढच्या बाकावरची एक मुलगी माझ्या पायांकडे बघत वाट पाहत होती, कधी होतं ते. झालं. तिला फार वाट पाहावी लागली नाही.

आणि मला घरी न्यायला आली ती आत्या. आई ऐकूनच पलंगावर पडली होती. आत्या घरातल्या झग्यात आली, हाताला भाताचा मसाला तसाच, वर्गात शिरली, पट्टा सोडला, आपली ओढणी माझ्या कमरेभोवती गुंडाळली आणि मग पायातली चप्पल काढून बाईंना अशी मारली, की फळ्यावरचा खडू खाली पडला. रस्ताभर ती मला कडेवर घेऊन चालली. मी केवढी मोठी होते, माझे पाय तिच्या गुडघ्यांवर आपटत होते. "रडू नकोस," ती धापा टाकत म्हणत होती, "तुला त्या कसायांकडे परत पाठवणार नाही मी. माझ्या डोळ्यांची शपथ." त्या निळ्या डोळ्यांची. म्हणून आत्याचा नीट राग करता येत नाही, हीच पंचाईत आहे. आज ती मनाझिल म्हणते ते त्याच शपथेपायी. तिच्या मनात मी अजून त्या खुर्चीतच बसलेय, ओली.

तिला ठाऊक नाही. कुणालाच ठाऊक नाही, आई आणि मी सोडून. आणि आता तेच सांगून टाकायला माझं तोंड शिवशिवतंय, शब्द दातांपर्यंत येतात आणि मी गिळते.

गेल्या हिवाळ्यात नव्या मिस आल्या, मिस सुहैला, बारीक, चष्मा लावणाऱ्या, सतत सर्दी झालेल्या. सकाळी मैदानात रांगा लागतात, झेंड्याला सलाम होतो, मग शाळेचा रेडिओ: एक मुलगी माइकवर कुराणातलं वाचते, एक बातम्या, एक 'तुम्हाला माहीत आहे का?' आणि मी रांगेत उभी राहूच शकत नाही, मी पुढचीच्या वेणीशी खेळते, मागचीच्या पायावर उभी राहते, चिमण्या बघायला बाहेर पडते. मिस सुहैलांनी मला कानाला धरून पुढे नेलं. मला वाटलं, आता खुर्ची. त्यांनी माझ्या हातात माइक दिला आणि नाक पुसत म्हणाल्या, "रांगेत उभं राहता येत नाही ना? मग रांगेसमोर उभी राहा." ती जागा अशी आहे, की तिथे हललं तरी चालतं. उलट हललेलं आवडतं! मी चालत चालत वाचलं, की ऑक्टोपसला तीन हृदयं असतात आणि पोहायला लागला की त्यातलं एक बंद पडतं, म्हणून बिचारा चालणंच पसंत करतो, आणि मग कागदात नव्हतं ते म्हणाले, "आमच्या मुख्याध्यापकांसारखं!" अख्खं मैदान. अख्खं मैदान हसलं, मुख्याध्यापकसुद्धा, पोटावर हात ठेवून. ते हसणं माझ्या अंगावर असं आलं, जशी समुद्रात पहिली लाट छातीवर येते, आणि मला पहिल्यांदाच कळलं, की हसणं दोन प्रकारचं असतं. आता मी माइककडे निघाले की मुली ओरडतात, टुकटुक! टुकटुक! तेच नाव. मी येण्याआधी तसनीम वाचायची, भिजलेल्या पावासारखा तिचा आवाज, मला तिची जराही दया येत नाही. पावाबरोबर एडीएचडीची गोळी सकाळी, माइक साडेसातला, आणि त्यानंतरचे तास मला बसता यायला लागलं. खरंच यायला लागलं. अरबीत वर्गात दुसरी आले. यंदा पहिल्या दिवशीचं पहिलं भाषण माझं आहे, आणि रेडिओची प्रमुख मी.

हे मी घरी येऊन सांगितलं त्या दिवशी आईने आधी दार लावलं, मग खिडकी लावली, मग मला न्हाणीघरात नेऊन नळ सोडला. "आता म्हण," ती म्हणाली. मी सगळं करून दाखवलं, ऑक्टोपससकट, तिथल्या तिथे बादलीभोवती फिरत. आई तोंडावर हात दाबून हसत होती, डोळ्यांतून पाणी. मग ती पळत बेडरूममध्ये गेली, पलंगावर पडली, उशीत तोंड खुपसलं आणि लग्नात बायका जीभ हलवून किलकारी करतात ना, ती केली, लांबलचक, सगळी उशीत. उशी थरथरत होती. उठली तेव्हा तिचा चेहरा लाल झाला होता आणि गालावर उशीच्या शिवणीची रेघ. "कुणाला सांगायचं नाही," ती म्हणाली. "आत्याला तर नाहीच. बाबांनाही नाही, बाबांना सांगितलं म्हणजे आत्याला सांगितलं." आणि नजर लागू नये म्हणून माझ्या डोक्यावरून पाच बोटं पसरून फिरवली.

माझ्या आधी माझा भाऊ होता, यासीन. जन्मानंतर सातव्या दिवशी, रिवाजाप्रमाणे, त्याला चाळणीत ठेवून झुलवत होते, मेणबत्त्या, पोरांना शेंगदाणे, आणि आत्या वाकून म्हणाली, "बाई गं, काय पापण्या! अशा पापण्या मुलीला हव्या होत्या." एवढंच. माशाल्ला म्हणाली नाही. कौतुक करताना ते म्हटलं नाही तर नजर लागते, आणि निळ्या डोळ्यांची तर हमखास. विसरली असेल. चाळणीजवळ गर्दी होती, कुणीतरी मेणबत्तीचं मेण सांडलं होतं. यासीन चाळिसावा दिवस उलटायच्या आत गेला, आणि आई आजतागायत आत्याबरोबर एका ताटात जेवते, तिच्या सर्दीला लिंबू पिळून देते, आणि तिच्यासमोर कधीच, कशाचंच, बरं चाललंय असं सांगत नाही. मी झाले तेव्हा आईने माझ्या गालाला काजळी फासली आणि सगळ्यांना सांगितलं की पोर बहिरी आहे. दोन वर्षं नातेवाईक माझ्याशी ओरडून बोलायचे. मला वाटतं, माझ्या डोक्यातला सगळा गोंगाट तिथूनच आला.

तर गेले कित्येक महिने आई जिन्यात, फोनवर, बाल्कनीत हेच सांगतेय: कुठलं काय, तश्शीच आहे. घासून पास झाली. गोळ्यांनी भूक तेवढी मेली. किती छान सांगते ती! उसासा कुठे टाकायचा, बोट कुठे मोडायचं, सगळं बरोबर. मी दाराआडून ऐकायचे आणि मला गुदगुल्या व्हायच्या, कारण आम्हां दोघींचं ते गुपित होतं, आणि मी, शाहिंदा रशाद, जिच्या तोंडात तीळ भिजत नाही, वर्गात उत्तर येत नसताना हात वर करणारी, मी ते महिनोन्‌महिने तोंडात धरून ठेवलं होतं. डॉक्टरीणबाईंना सांगता आलं असतं तर त्यांनी मला पदक दिलं असतं. एवढं लक्ष मी आयुष्यात कशावर दिलं नव्हतं.

फोन वाजला. आईने तो साखरेच्या डब्याला टेकवून ठेवला. बाबांचा चेहरा आला, मागे कुवेतमधली ती पिवळी भिंत आणि टांगलेला शर्ट. बाबा इथे नसतात तेव्हाच जास्त खरे वाटतात मला. इथे येतात तेव्हा पाहुण्यासारखे चपला शोधत फिरतात.

"काय म्हणतेय आमची टोळधाड?" बाबा म्हणाले.

"कोसे फोडतेय," आत्या म्हणाली. "रशाद, ऐक, मी सरळ बोलते. हे सर्टिफिकेटचं वर्ष. तिकडे पाठवशील तर पुन्हा तेच, पुन्हा बोलावणं, पुन्हा रडणं. मनाझिल कर. गणिताचा मास्तर घरी येईल, अरबीचा येईल, मधल्या वेळात माझ्या हाताखाली बसेल. हाताला काम असलं की डोकं शांत राहतं. दुसरं काय हवंय पोरीला?"

"उम्म हाझिम म्हणतात त्यात," आई सुरुवात करून थांबली. आत्याला ती मुलाच्या नावाने, हाझिमची आई म्हणूनच हाक मारते. पानात भात ठेवून ती विडीसारखी वळकटी करत होती. आत्याच्या महशीत कोशांबरोबर द्राक्षाच्या पानांच्या वळकट्याही असतात. तिचे हात इतके वेगात चालले होते, की बघवत नव्हतं.

"इनास, तू सांग," बाबा म्हणाले. "तू आई आहेस. काही फरक आहे का तिच्यात? थोडासा जरी असेल ना, तरी मी पाठवायला तयार आहे. मला काही हौस नाही तिला घरात बसवायची. फक्त सांग, आहे का फरक?"

मी आईकडे बघितलं. सांग ना. आता तरी सांग. इतकं सोपं होतं ते, दोन शब्दांचं काम. बाबा स्वतःहून दार उघडून उभे होते. खाली पेरूवाला ओरडत होता, आणि पहिल्यांदाच माझ्या डोक्यात बाकी काही नव्हतं, फक्त आईचे ओठ, त्यांच्यावर चिकटलेलं भाताचं एक शीत. आईने बाबांकडे बघितलं नाही. तिने आत्याच्या डोळ्यांकडे बघितलं, अगदी क्षणभर, आणि तिने जो उसासा टाकला तो मला पाठ होता. "कुठलं काय," ती म्हणाली. "तश्शीच आहे."

आणि मग मी फुटले. "खोटं आहे!" मी उभी राहिले, कोशांचं घमेलं लाथेने सरकलं. "बाबा, मी रेडिओवर आहे! सकाळच्या! सगळी शाळा माझं ऐकते, मी अरबीत दुसरी आलेय, पहिल्या दिवसाचं भाषण माझं आहे, मिस सुहैला म्हणाल्या, मी प्रमुख, बाबा, ऑक्टोपसला तीन हृदयं असतात आणि मी म्हणाले आमच्या मुख्याध्यापकांसारखं, आणि ते हसले, बाबा, सगळे हसले, विचारा आईला, आईने उशीत..." शब्द एकमेकांवर चढत होते, नेहमीसारखे, हॉर्न वाजवत, उलट्या दिशेने, आणि बोलताबोलता मला माझाच आवाज ऐकू आला, आणि मला कळलं की हा आवाज ऐकून मीसुद्धा माझ्यावर विश्वास ठेवला नसता.

फोनमधला बाबांचा चेहरा अडकल्यासारखा झाला. मग आत्या उठली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, खरं पाणी. तिने ओल्या हातांनी माझं तोंड धरलं. "अगं माझ्या राणी," ती म्हणाली, "आता गोष्टी पण रचायला लागलीस?" आणि मान वळवून फोनकडे, "ऐकलंस, रशाद? ऑक्टोपस म्हणे. पोरीचं कसं व्हायचं रे?"

"इनास," बाबा म्हणाले. "ही म्हणते ते खरं आहे?"

माझा चेहरा आत्याच्या हातांत होता, त्यामुळे मला आई दिसत नव्हती. मला दिसत होते ते दोन निळे डोळे, अगदी जवळून, त्यांत छोट्या छोट्या पिवळ्या रेघा होत्या, आणि दोन्हीत मी होते. आवाज तेवढा ऐकू आला. "पोर आहे," आई म्हणाली. "बडबडते."

मग बाबा बराच वेळ हं हं करत होते. उद्याच शाळेच्या कार्यालयात जा म्हणाले. मास्तरांचं बघतो म्हणाले. माझ्याशी बोलताना आवाज असा मऊ केला, जसा आजारी माणसाशी करतात: "शाहिंदा, बाळा, कुणी रागावलं नाही हं तुझ्यावर." मला वाटलं, रागवा ना. एकदा रागवा, म्हणजे मी खरं बोलले असं तरी होईल.

आत्या हात धुवायला आत गेली. नळ वाहायला लागला. त्या नळाच्या आवाजात आई माझ्या कानाशी आली, आणि मला वाटलं, आता सांगेल, रात्री फोन करते, सगळं सांगते त्यांना. तिची बोटं माझ्या दंडात रुतत होती. "का बोललीस?" ती म्हणाली. "तिच्यासमोर? तोंडावर? मी आज संध्याकाळी त्यांना एकटं गाठून सांगणार होते. आता तिने ऐकलं. तिला खोटं वाटलं तरी ऐकलं ना? आता मी तुला त्या मैदानात कशी उभी करू, सांग, सगळ्यांच्या समोर, माइक हातात घेऊन?" तिला खरंच उत्तर हवं होतं. ती थरथरत होती, जशी ती उशी थरथरली होती. "घरात असलीस तर मला दिसशील तरी," ती म्हणाली, आणि नळ बंद झाला.

आम्ही परत बसलो. घमेल्यात अजून कितीतरी कोसे होते. मी कोरणी घेतली. आता गंमत अशी झाली, की माझा हात अजिबात हलत नव्हता. पेरूवाला गेला होता, टोपली अँटेनातून सुटून वर गेली होती, सगळं एकामागून एक होत होतं, रांगेत, मला कधीच जमली नव्हती अशा रांगेत. कोरणी आत गेली, फिरली, गर एका लांब सलग सालीसारखा बाहेर आला. पुढच्या आठवड्यात तसनीम माइक धरेल. 'सुप्रभात' म्हणेल, भिजलेला पाव. माझ्या बाकावर दप्तरं ठेवतील. कोरणी खाली खाली नेली, बुडाशी आले तेव्हा श्वास धरला आणि तिथे, जिथे आणखी केसभर पुढे गेलं तर भोक, तिथे थांबले. कोसा उजेडात धरला. हिरव्या कंदिलासारखा दिसत होता, बोटांची सावली आरपार, आणि बूड शाबूत. इतका सुरेख कोसा या घरात कुणी कोरला नव्हता. मी मुद्दामच तो आत्यापुढे धरला. मला बघायचं होतं.

"बाई गं!" आत्या म्हणाली. तिने तो घेतला, खिडकीकडे धरला, निळ्या डोळ्यांनी वरपासून खालपर्यंत न्याहाळला. "काय हात आहे! इनास, बघ तरी. अख्ख्या गल्लीत असा हात कुणाचा नाही. बघ कसा बसला हात पोरीचा!"

माशाल्ला म्हणाली नाही.

मी आईच्या हातांकडे बघत राहिले. आता ती पानं सोडेल, टेबलाखाली पाच बोटं पसरेल, ओठांत काहीतरी पुटपुटेल, माझ्यावरून काहीतरी ओवाळून टाकेल; माझ्या आयुष्यात मला कुणी बरं म्हटलं की दर वेळी तिने ते केलं होतं.

आईने एक पान घेतलं, त्यात भात ठेवला, कडा दुमडल्या आणि वळकटी करून इतर वळकट्यांशेजारी ठेवली. मग पुढचं पान घेतलं.